नावं मावत नाहीत म्हणे

चर्चच्या इमारतीवर आपल्या अंकात लेख कशाला, असं काहीजण विचारतील. विचारू देत. ज्या शहराला आमच्या आज्या-पणज्यांनी घाम दिला, त्या शहरातल्या प्रत्येक दगडाविषयी बोलायचा आमचा हक्क आहे. देऊळ असो, मशीद असो, चर्च असो, नाहीतर गिरणीची चिमणी असो. दगड फोडला कोणी, वाहिला कोणी आणि नाव कोणाचं लागलं, एवढे तीन प्रश्न हातात घेतले की कुठलीही इमारत वाचता येते. त्याला डिग्री लागत नाही. माझी शाळा आठवीत सुटली. पुढं जे काय शिकलो ते रद्दीवाल्याकडून, तालुक्याच्या वाचनालयातून आणि सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात लागणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांतून.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. तुटला धागा सांधायचा, हे माझं काम. आठ तास तेच. आजा मुंबईच्या गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्या संपात त्याची नोकरी गेली, तो गावी आला तो आलाच. म्हणून मी मुंबईला जातो तो दोन कामांसाठी जातो. एक चैत्यभूमी. दुसरं, आज्यानं सांगितलेली मुंबई कुठं कुठं शिल्लक आहे ते बघायला. सात डिसेंबरला आमची बरीच माणसं गावी परतायच्या आधी गेटवे बघायला जातात. मी एके वर्षी तिथून पुढं चालत निघालो आणि कुलाब्याच्या टोकाला, नेव्हीनगरच्या वाटेवर, या चर्चपाशी पोचलो.

खरं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. ते नाव कुणी घेत नाही. कुणालाही विचारा, अफगाण चर्चच म्हणतील. मोठाली झाडं, त्यांच्या मागून एकदम वर गेलेला टोकदार मनोरा. सुमारे १९८ फूट. आमच्या गिरणीची चिमणी त्याच्यापुढं पोर वाटावी. सरकारनं जागा दिली तेव्हा अट घातली होती की मनोरा उंच हवा, समुद्रातून येणाऱ्या जहाजांना तो खूण म्हणून दिसला पाहिजे. म्हणजे देवाच्या घरातसुद्धा बंदराचं काम काढून घेतलं. साहेब हिशेबाला पक्का.

पायाचा दगड बसला १८४७ मध्ये. चर्च उघडलं जानेवारी १८५८ मध्ये. मनोरा पुरा व्हायला १८६५ साल उजाडलं. या तारखा नुसत्या वाचू नका, त्यांच्या शेजारी आपल्या तारखा ठेवा. १८४४ च्या सुमाराला मुंबईचा कापूसबाजार कोटातून कुलाब्यात आला. म्हणजे चर्चच्या भिंती चढत होत्या तेव्हा त्याच कुलाब्यात कापसाच्या गाठी रचल्या जात होत्या. १८५६ मध्ये ताडदेवला कावसजी दावरांची पहिली कापडगिरणी सुरू झाली. तेव्हा चर्चचं छप्पर चढायचं होतं की चढलं होतं, ते सोडा. पण चर्च आणि गिरणी मुंबईत जुळ्या भावंडांसारखी वाढली. मग अमेरिकेत यादवी लागली, तिकडचा कापूस थांबला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये ती यादवी संपली आणि मुंबईचा सट्टा कोसळला. त्याच वर्षी मनोऱ्याचं टोक बसलं. मनोऱ्याच्या पैशात पारशी शेट कावसजी जहांगीर यांचीही देणगी होती.

आता बांधकाम. या पद्धतीला गॉथिक म्हणतात. खूण सोपी: कमान गोल नसते, वर टोकाला जुळते. नमस्काराला जोडलेल्या दोन हातांसारखी. हे नुसतं शोभेचं नाही. गोल कमान भार दोन्ही बाजूंना फेकते, म्हणून भिंत जाड लागते. टोकदार कमान तोच भार जास्त सरळ खाली उतरवते. राहिलेला रेटा भिंतीला बाहेरून दिलेले दगडी टेकू घेतात. मग भिंतीवरचा ताण कमी होतो, आणि तिच्यात उंच, अरुंद खिडक्या काढता येतात. त्या खिडक्यांत रंगीत काचा. या चर्चच्या मुख्य काचा इंग्लंडच्या विल्यम वेल्स नावाच्या कारागिराकडून आल्या. सकाळचं ऊन त्यातून आत आलं की फरशीवर तांबडे-निळे तुकडे पडतात. मी खोटं बोलणार नाही, सुंदर दिसतं. ज्याला सुंदर दिसत नाही तो लढून तरी काय मिळवणार?

ही पद्धत मुळात आठ-नऊशे वर्षांपूर्वीची. इंग्लंडात ती पुन्हा उकरून काढली एकोणिसाव्या शतकात. का? तर कारखान्यांमुळं. पुजिन नावाचा एक आर्किटेक्ट होता. त्याच्या पुस्तकाच्या १८४१ च्या आवृत्तीत एकाच गावाची दोन चित्रं समोरासमोर दिली आहेत. एक १४४० मधलं, सगळीकडं चर्चचे मनोरे. दुसरं १८४० मधलं, मनोऱ्यांच्या जागी कारखाने आणि धुराडी. त्याला म्हणायचं होतं की कारखान्यानं माणूस बिघडवला, जुन्या बांधकामाकडं परत चला. ऑक्सफर्ड-केंब्रिजची विद्वान मंडळी त्या वाटेनं गेली. चर्च कसं हवं याचे नियम झाले. छप्पर किती उतरतं हवं, खिडकी कशी, पाद्र्याची जागा कुठं, लोकांची जागा कुठं. ही हवा मुंबईला पोचली ती या चर्चमधून. मुंबईत नियमाबरहुकूम गॉथिक म्हणता येईल अशा पहिल्या इमारतींतली ही एक. व्हीटी, हायकोर्ट, युनिव्हर्सिटी हे सगळं हिच्या मागून आलं.

मला यातली गंमत अशी वाटते: धुराड्याला वैतागलेल्या इंग्रजानं काढलेली ही पद्धत आपल्याकडं आली, आणि ज्या लँकेशायरच्या धुराड्यांचा त्याला राग होता त्यांच्या पोटात आपलाच कापूस जात होता. एका जहाजातून कापूस तिकडं, दुसऱ्या जहाजातून चर्चच्या फरश्या इकडं. फरश्या, वेदीमागचं नक्षीकाम, जाळीचा पडदा, ही आतली रचना विल्यम बटरफिल्ड या नामांकित इंग्रज आर्किटेक्टची. पण दगड? दगड इथला. भिंतींना कुर्ल्याचा पिवळट दगड, खांब-कमानींना पोरबंदरचा मऊ दगड, छपराला साग.

कुर्ल्याचा दगड कुणी फोडला? वडार, पाथरवट, बेलदार यांच्या पिढ्यान् पिढ्यांचा तो धंदा. सुरुंग, पहार, छिन्नी, डोक्यावर पाटी, पाठीला पोर. काचवाल्याचं नाव पुस्तकात आहे. फरशीवाल्याचं आहे. दगडवाल्याचं नाही. पहिला नकाशा डेरिक नावाच्या ऑक्सफर्डच्या माणसानं केला, तो महाग पडेल म्हणून बाजूला ठेवला, त्याचंसुद्धा नाव आहे. न बांधलेल्या चर्चच्या नकाशाला नाव, आणि बांधलेल्या भिंतीला नाव नाही.

ज्याचा नकाशा घेतला तो हेन्री कॉनिबेअर. मुंबईचा इंजिनियर. या माणसाविषयी मी थोडा थांबून बोलणार आहे. कारण विहार तलावाचा आराखडाही याचाच. १८६० मध्ये मुंबईला नळाचं पहिलं पाणी आलं ते विहारचं. एकाच डोक्यातून चर्चही निघालं आणि नळही. आमच्या बाजूनं बघितलं तर नळ मोठा. पाणी विहिरीचं असतं तोवर पोहऱ्याला जात असते, काठाला जात असते. डोंगरातल्या तलावातून लोखंडी नळानं आलेल्या पाण्याला कुणाचा हात लागला, हे कुठल्या भटाला सांगता येणार? तरी चाळीत नळापाशी भांडी लांब ठेवायला लावणारे होतेच. आणि नळ आल्यावर सदुसष्ट वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांना महाडला चवदार तळ्यावर जावंच लागलं. इंजिनियर पाणी आणू शकतो. पाण्याला मोकळं करणं इंजिनियरचं काम नव्हे.

आता या चर्चचं मूळ. हे युद्धाचं स्मारक आहे. १८३९ मध्ये इंग्रजांनी काबूल घेतलं आणि आपल्या मर्जीतला शहा गादीवर बसवला. १८४१ च्या अखेरीस तिथं उठाव झाला. जानेवारी १८४२ मध्ये भर बर्फात काबूलहून माघार. सुमारे ४,५०० शिपाई, त्यातले बहुतेक हिंदी. आणि सुमारे १२,००० बाजारबुणगे.

बाजारबुणगे हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. निकामी माणसांची गर्दी, असा अर्थ. कोण होती ही माणसं? भिस्ती, मोतद्दार, धोबी, भंगी, आचारी, हमाल, दुकानदार. त्यांच्या बायका, त्यांची पोरं. म्हणजे जे नसतील तर फौज एक दिवस चालणार नाही ते सगळे. घोड्याला दाणा घालणारा बुणगा आणि घोड्यावर बसणारा वीर. ही भाषा कुणी केली? ती माणसं खिंडींत गारठून मेली, कापली गेली, काही गुलाम म्हणून विकली गेली. १३ जानेवारीला ब्रायडन नावाचा एक गोरा डॉक्टर थकल्या घोड्यावरून जलालाबादला पोचला. गोष्ट अशी झाली की सोळा हजारांतून एकटा वाचला. पण मागाहून काही हिंदी शिपाई रखडत पोचले, काही काबुलात भीक मागताना पुढच्या फौजेला सापडले. ते जगले, तरी गोष्टीत नाहीत. आम्ही मेलो तर मोजत नाहीत हे ठाऊक होतं. जगलो तरी मोजत नाहीत.

काबूलहून निघालेली ती तुकडी मुख्यतः बंगाल फौजेची. पण मुंबईची फौजही या युद्धात होती. ती सिंधमार्गे वर गेली, गझनीवर लढली, कलातवर लढली. पुढं १८४३ मध्ये सिंध जिंकताना लढली. आणि त्या काळच्या मुंबई फौजेत आमची माणसं होती, महार होते. बाबासाहेबांचे वडील फौजेत सुभेदार, ते उगाच नव्हे. आमच्या घराण्यांना गावकुसाबाहेरून पहिल्यांदा बाहेर काढलं ते त्या पलटणीनं.

चर्चच्या आत जा. लांबट दालन, दोन्हीकडं खांबांच्या रांगा. हे लोकांचं. पुढं, पायऱ्या चढून, पाद्री आणि गाणाऱ्यांची वेगळी जागा, चॅन्सेल म्हणतात तिला. आपण गाभारा म्हणू. युद्धात मेलेल्या अधिकाऱ्यांची नावं त्या गाभाऱ्याच्या भिंतींवर आहेत. आणि लेखात काय म्हटलंय त्याचा मतलब सांगतो: हे चर्च त्या अधिकाऱ्यांच्या स्मरणार्थ, ज्यांची नावं इथं भिंतीवर आहेत, आणि खालच्या हुद्द्यांच्या व साध्या शिपायांच्या स्मरणार्थही, पण ते इतके आहेत की त्यांची नावं अशी लिहिता येत नाहीत.

मी ते तीनदा वाचलं. इंग्रजी माझं कच्चं, म्हणून अक्षर अक्षर लावून वाचलं. फार आहेत म्हणून नावं नाहीत. थोडे असते तर असती. आणि लक्षात घ्या, यात गोरा टॉमीसुद्धा आला. आयर्लंडचा उपाशी पोरगा, लंडनच्या गल्लीतला बेकार, जो पगारासाठी भरती झाला आणि परक्या डोंगरात मेला, त्यालाही त्याच्याच देवाच्या घरात, त्याच्याच धर्माच्या भिंतीवर जागा मिळाली नाही. गोऱ्याचा देव एक होता, पण गाभारा सगळ्यांचा नव्हता. हे वाचलं आणि मला तो टॉमी आमच्या खात्यातला बदली कामगार वाटला.

बाकांना बंदूक टेकवायला खाचा आहेत. चर्च उघडलं तेव्हा १८५७ चं बंड विझलेलं नव्हतं. प्रार्थनेलासुद्धा गोरा सोल्जर हत्यार घेऊन बसत असे. भीती लाकडात कोरलेली आहे, पण माणसांची नावं दगडात नाहीत.

आता कुणी म्हणेल, जागाच नव्हती, काय करणार. मग कोरेगावला जा. भीमेकाठी १ जानेवारी १८१८ ची लढाई झाली, आणि त्याच कंपनी सरकारनं तिथं खांब उभा केला. त्यावर साध्या शिपायांची नावं आहेत. शेवटी 'नाक' असलेली आमची नावं आहेत. कंपनीनं ते स्वतःच्या दबदब्यासाठी कोरलं, हे आम्हालाही कळतं. पण कोरलं. आणि नाव कोरलेलं होतं म्हणून १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं उभे राहिले आणि त्या दगडाचा आमच्यासाठी पुरावा झाला. आज लाखो माणसं जातात ती दगडाला नव्हे, नावांना भेटायला जातात. म्हणजे शिपायाचं नाव दगडात मावतं. मावत नाही ते मनात.

माझ्या आज्याच्या ट्रंकेत गिरणीचा पत्र्याचा बिल्ला आहे. वर नंबर. मी विचारलं होतं, "आज्जा, ह्याच्यावर नाव का न्हाई तुजं?" तो म्हणाला, "हजारानं मान्सं व्हती लेका. नावं कुनी लिवायची? नंबर बरा, चटशिरी समजतोय." गिरणीवाल्यानं आणि कुलाब्याच्या शिलालेखानं एकच कारण दिलं. आणि वाईट असं, की आज्यालाही ते कारण पटलं होतं.

हे चर्च आज हेरिटेज आहे. मुंबईत १९९५ साली वारसा-इमारतींचे नियम झाले, त्यात हे पहिल्या दर्जात. पहिला दर्जा म्हणजे आत-बाहेर विनाकारण काही बदलायचं नाही. दुरुस्ती करायची तीही जुन्या रीतीनं. ते बरोबरच आहे. समुद्राची खारी हवा मऊ दगड खाते. अडाण्यासारखं वरून सिमेंट थापलं तर आतली ओल बाहेर पडत नाही, दगड आतून पोखरतो. चुन्याच्या भिंतीला चुनाच लागतो, कारण चुना श्वास घेतो. गवंड्याला हे पुस्तकाशिवाय माहीत असतं.

आमच्यातला एक जहाल मित्र म्हणतो, साहेबाच्या लुटीचं स्मारक आपण कशाला जपायचं, पाडा सालं. मी त्याला म्हणतो, नको. इमारत पाडून हिशेब मिटत नाही, पुरावा मिटतो. शिपायांची नावं मावत नाहीत असं त्यांनी स्वतःच्या हातानं कोरून ठेवलंय. याहून मोठा कबुलीजबाब कुठल्या कोर्टात मिळेल? तो जपा. त्याच्यावर पाऊस पडू देऊ नका. रंगीत काचा जपा, कमानी जपा, कुर्ल्याचा दगड तर आधी जपा, कारण त्यावरचे छिन्नीचे घाव आमच्या माणसांचे आहेत. नाव नसलं तरी हात आहे.

पण मग आमचा वारसा कुठल्या दर्जात बसतो ते सांगा. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरला आंबेडकर भवनावर बुलडोझर फिरला. त्यात बाबासाहेबांचा बुद्धभूषण छापखाना गेला. पहाटे आलेल्या बुलडोझरनं कुठला दर्जा विचारला? जुलैत रस्ते भरून मोर्चा निघाला, तेव्हा शहराला कळलं की तिथं काही होतं. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी पाडून तिथं टॉवर उभे राहताहेत. १६० चौरस फुटांच्या खोल्या त्या. त्यात राहणाऱ्याला घरातला संडास आणि मोठी खोली मिळत असेल तर मिळालीच पाहिजे, गरिबी जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की पाडण्याआधी लिहून ठेवा. कुठल्या खोलीत कोण राहिलं, कुठल्या जिन्यावर सभा झाली, कुठल्या गच्चीवर जलशाची तालीम झाली. चर्चच्या प्रत्येक खिडकीचा कागद आहे. चाळीच्या एका तरी खिडकीचा आहे का?

गिरण्यांचंही तेच. जमिनी विकल्या, मॉल आले, एखाद्या ठिकाणी शोभेला चिमणी ठेवली. चिमणीला हेरिटेज म्हणायचं आणि तिच्या धुरात ज्यांची फुफ्फुसं गेली त्यांना कचरा म्हणायचं, हे कुलाब्याच्या गाभाऱ्यासारखंच झालं.

मित्रांनो, पुढच्या सहा डिसेंबरला याल तेव्हा सात तारखेला कुलाब्याला जाऊन या. चपला काढायची सक्ती नाही, कुणी जात विचारत नाही. बाकावर बसा, खाच बघा, कमान बघा. भिंतीवरचा लेख वाचा, येत नसेल तर येणाऱ्याकडून वाचून घ्या. आणि गावी जाऊन वहीत लिहायला लागा. पलटणीत गेलेला पणजा, गिरणीत राबलेला आजा, खाणीत दगड फोडणारी आजी. दगड आपल्याकडं नसेल. स्टेन्सिल आहे, शाई आहे, हा अंक आहे.

आमच्या खात्यात तिसऱ्या पाळीला चौतीस माणसं असतात. चौतीसच्या चौतीस नावं मला तोंडपाठ आहेत. कागदावर लिहून बघितली. एका पानात मावली, वर खाली जागा उरली.